कुणाचीच नसलेली मूठ

१

कामिनीची नोकरी कायम व्हावी म्हणून मी आमच्या देवीला, कानबाईला, एका मुठीचा नवस बोलले होते. गुरुवारच्या पूजेला आपण साऱ्या जणी माझ्याकडे जमतो, पण हे तोंडानं नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहून देते आहे. पोथी झाली, आरती झाली, की किरणताईंनी वाचून दाखवावं. वाचताना मध्ये थांबू नये, एवढंच.

आपल्यातल्या काही जणी खानदेशाबाहेरून इथं जळगावच्या पिंप्राळ्यात राहायला आल्या आहेत. त्यांच्यासाठी मुठीचं सांगते. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आमच्या भाऊबंदांत कानबाई बसते. घराण्यात जेवढे पुरुष, तेवढ्या सव्वा सव्वा मुठी गहू आणि हरभऱ्याची डाळ घ्यायची. एकेकाचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि मूठ सुपात टाकायची. ते दळून त्याचे रोट करायचे. रोट घरच्यांनीच खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे, बाहेरच्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही. बायकांची मूठ नसते. माझी नाही, माझ्या जावेची नाही. लेकींची तर नाहीच, कारण लेक दुसऱ्या घरची.

मला एकच लेक. तिची मूठ नाही याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. पण तीन वर्षं ती कच्च्या नोकरीवर राबत होती, आणि एक दिवस देव्हाऱ्यासमोर बसल्या बसल्या बोलून गेले, "माय, माझ्या पोरीला कायम कर, रोटात तिच्या नावाची मूठ टाकीन."

गेल्या वर्षी आषाढात तिचा कागद आला. श्रावणात मी धुळ्याला गेले.

कानबाई धुळ्याला माझ्या मोठ्या दिरांकडे बसते. तिथं सगळं माझ्या जाऊबाईंच्या, बेबाअक्कांच्या हातात. सत्तरी ओलांडलेली बाई, पण नजर अशी की डाळीतला खडा सुपात पडायच्या आधी दिसावा. अक्का नावं घेत होत्या, मी मुठी टाकत होते. बन्सीलाल. जीवराम. पुढे पुतण्यांची नावं, नातवाचं नाव. शेवटचं नाव झालं आणि माझा हात परत धान्यात गेला. मूठ भरली. कामिनीचं नाव ओठावर आलं, पण अक्का माझ्याकडेच बघत होत्या. मूठ सुपात पडली. नाव माझ्याजवळच राहिलं.

"कोनी मूठ शे ही?" अक्कांनी विचारलं.

"कुणाचीच नाही, अक्का. हात चुकला."

"मंग काढी ले."

"आता कशी काढू? मिसळली ना सगळी."

अक्का सुपाकडे बघत राहिल्या. "ऱ्हाऊ दे मंग," म्हणाल्या.

मी मनाशी ठरवलं, निदान मनातल्या मनात तरी नाव घेऊ. तेवढ्यात ओट्यावरून कुणीतरी मला हाक मारली, मी उठले, आणि तेही राहून गेलं. बाहेर जाऊन पाहिलं तर ओट्यावर कुणी नव्हतं. सणाचं घर, मुलंबाळं, पोरांनी मारली असेल हाक. तेव्हा मला असंच वाटलं.

मी जळगावला परतले. तिसऱ्या दिवशी अक्कांचा फोन.

"लता, रोट पुरनात नही. दरसाल उरतस, यंदा पुरनात नही. कोन खाई गय?"

एक मूठ जास्तीची होती, बायांनो. जास्तीची.

२

कामिनी काय काम करते ते तुम्ही मला नेहमी विचारता आणि मी नेहमी "लॅबमध्ये आहे" म्हणून वेळ मारून नेते. आज नीट सांगते. ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

धुळे रस्त्याला एक तपासणी केंद्र आहे. तिथं उंच स्टीलच्या बंबासारखं एक यंत्र आहे, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. त्यातून इलेक्ट्रॉनची धार निघते, केसापेक्षा कितीतरी बारीक. ज्या कणावर ती पडते तो कण उलट क्ष-किरण सोडतो. लोखंडाचे वेगळे, चुन्याचे वेगळे, तांब्याचे वेगळे. बाजूला बसवलेला शोधक ते मोजतो आणि कशात काय किती आहे ते पडद्यावर येतं. कामिनी म्हणते, "मम्मी, तू नाही का, जिन्यातल्या पावलांवरून ओळखतेस पप्पा आले की दूधवाला, तसंच."

पण मोजणं सोपं आणि बरोबर मोजणं अवघड. अनोळखी कणाला विचारायच्या आधी ओळखीच्या तुकड्याला विचारावं लागतं. पितळेच्या एका चकतीवर असे तुकडे बसवलेले असतात. शुद्ध कोबाल्ट, शुद्ध तांबं, काचेचा एक मणी. त्यांचं उत्तर ठाऊक असतं, म्हणून यंत्र खोटं बोलत असेल तर तिथंच सापडतं.

शिवाय शंभराची गोष्ट. कणात जे जे आहे त्याची टक्केवारी मिळवली की शंभर यायला हवी. पुष्कळ ठिकाणी यंत्रालाच सांगून ठेवतात, बेरीज काहीही येवो, तू ताणून शंभर कर. मग काही राहून गेलं तरी कळत नाही, काही जास्त आलं तरी कळत नाही. कामिनीनं ते बंद करून टाकलं. सत्त्याण्णव आले तर सत्त्याण्णव लिहायचे, आणि तीन कुठे गेले ते शोधायचे. तिचे पप्पा गणिताचे मास्तर होते, त्यांचंच हे रक्त.

आता छिद्राचं. त्याच चकतीवर, तुकड्यांच्या रांगेत, एक छिद्र असतं. सुईच्या टोकाएवढं आणि खोल. धार किती जोराची आहे ते मोजायला तिला या छिद्रात सोडतात. आत गेलेली धार बाहेर येत नाही. त्यामुळे छिद्राकडून शोधकाला काहीच ऐकू यायला नको.

३

भाद्रपदातली संध्याकाळ. आम्ही तिघं जेवत होतो. शेवभाजी केली होती.

"आज गंमत झाली," कामिनी म्हणाली. "धार छिद्रात होती आणि शोधक बंद करायचा राहिला. तर मोजणी आली."

"रिकाम्यातून?" हे म्हणाले. "माझ्या वर्गात होती अशी पोरं. डोकं रिकामं, पण उत्तर तयार."

"पप्पा, खरंच. थोडीशीच आली. कॅल्शियम, फॉस्फरस. जरासं गंधक, जरासं लोह. आणि मीठ."

"मीठ?" मी विचारलं.

"सोडियम आणि क्लोरीन. घाम लागला असेल कुणाचा. हातमोजा फाटला असेल." ती हसली. "भूपेंद्र सर म्हणाले, मॅडम, कॅल्शियम-फॉस्फरस म्हणजे हाड. बघा, छिद्रात कुणाचा दात पडलाय का."

भूपेंद्र सर म्हणजे तिच्या केंद्राचे प्रमुख. माणूस चांगला, फक्त थट्टेखोर. सगळे हसले. मीही हसले. भाजी वाढताना तो दात मनातून जाईना, पण मनाला म्हटलं, लता, बारावी शिकलेली बाई तू, तुला काय कळतं त्यातलं.

त्यांनी चकती धुतली. मग चकतीच बदलली. नवी कोरी चकती, नवं छिद्र. त्यातूनही तेच आलं, थोडं वाढून आलं. आता साध्या कणांच्या बेरजाही शंभराच्या वर जायला लागल्या. एकशे एक. एकशे दोन. कुठून तरी जास्तीचं काही मिसळत होतं, आणि ते कणातलं नव्हतं.

नेमकी तेव्हाच केंद्राची परीक्षा आली होती. बाहेरून एक बंद डबी येणार होती. आत काचेचे तीन कण, त्यांत काय आहे ते पाठवणाऱ्यालाच ठाऊक. बरोबर सांगितलं तर केंद्राला मान्यता, चुकलं तर यंत्राला कुलूप आणि कामिनी घरी.

सरांनी निकाल दिला, वजा करा. यात वावगं काही नाही म्हणे. रिकाम्यातून जे येतं ते कणाचं नसतंच, म्हणून ते प्रत्येक मोजणीतून वजा करायचं, ही त्या कामातली रीतच आहे. छिद्राची मोजणी एका फाइलीत ठेवायची आणि यंत्र ती आपोआप वजा करत जातं.

"फाइलीला नाव द्यावं लागतं," कामिनी भाकरी मोडत सांगत होती. "रकाना रिकामा ठेवला तर यंत्र पुढं सरकतच नाही. रिकाम्याला काय नाव देणार? मी माझंच टाकून दिलं. कामिनी."

मी पाणी प्यायला तांब्या उचलला होता. तो मी न पिताच खाली ठेवला.

४

वजाबाकी लागू झाली आणि सगळं जागेवर आलं. बेरीज शंभर. रोज शंभर. डबीतल्या तीन कणांचं उत्तर गेलं आणि पहिल्या फेरीत कामिनीचं केंद्र सगळ्यांत जवळ आलं. अजून एक फेरी बाकी होती, पण सरांनी पेढे वाटले. त्यातला एक मी देवापुढे ठेवला.

नवरात्रात तिची अंगठी कणकेत सापडली. मळून झाल्यावर गळून पडलेली. दसऱ्याला तिला ब्लाउज शिवायला नेलं तर शिंपीण म्हणाली, "काकू, माप जुनं दिलंत की काय?" मी म्हटलं धावपळ आहे. मी म्हटलं, दिवसभर त्या थंड खोलीत बसायचं, भूक मरते. पण भूक मेली नव्हती. कामिनी माझ्यापेक्षा जास्त जेवत होती. ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या तीन भाकरी, वर भात, वर ताक. मी समोर बसून घालत होते आणि ती डोळ्यांदेखत उतरत होती.

आमच्या बैठकीत झोपाळा आहे, तुम्ही सगळ्या बसला आहात त्यावर. कुणी बसलं की कडी एकदा तरी करकरते. दिवाळीच्या आधी एका दुपारी मी स्वयंपाकघरात अनारशाचं पीठ चाळत होते. कामिनी बैठकीत आली, तिच्या चपला वाजल्या, मग झोपाळा हलल्याचा वारा दारातून आला. कडी वाजली नाही. मी डोकावून पाहिलं. ती बसली होती, पाय वर घेऊन, मोबाइल बघत. कडी वाजली नाही.

"तेल घातलंत का कडीला?" मी यांना विचारलं.

"नाही बा," हे म्हणाले. आणि स्वतः जाऊन बसले. करकरली.

डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं. लोह कमी, कॅल्शियम कमी, सोडियम कमी, फॉस्फरस कमी. एकच गोष्ट कमी असती तर डॉक्टरांनी नाव सांगितलं असतं. सगळंच थोडं थोडं कमी होतं. ते चष्मा काढून म्हणाले, "उपास फार करता का?" तिला नाही, माझ्याकडे बघून. मी उपासाची बाई दिसतेच. मी म्हटलं, "डॉक्टर, उपास मी करते. ही जेवते."

त्या रविवारी कामिनी केंद्राचे कागद घरी घेऊन आली होती. छिद्राची दर आठवड्याची मोजणी. यांनी रक्ताचा कागद शेजारी ठेवला, कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि दोन रकाने पाडले. इकडे किती वाढलं, तिकडे किती घटलं. मास्तरांची सवय, आकडा दिसला की रकाना. मी दारातून बघत होते. पेन्सिल भराभर चालली, मग हळू चालली, मग थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. योगायोग."

"काय योगायोग?"

त्यांनी ते पान चार तुकडे करून खिशात घातलं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण यांनी गणित केलेला कागद फाडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

५

कार्तिकात एक दिवस कामिनी डबा विसरून गेली, म्हणून भर दुपारी रिक्षा करून मी केंद्रात गेले. खरं सांगते, डबा मीच काढून ठेवला होता.

खोलीला खिडकी नाही. बाहेर ऊन, आत माघातल्यासारखी थंडी. पंप सारखा घुमत असतो, एकाच सुरात, जात्यावर कुणी दाणे न घालता दळत बसावं तसा. मध्ये तो बंब उभा. त्याच्या पोटात हवासुद्धा ठेवत नाहीत, सगळी ओढून काढतात. कामिनी खुर्चीत बसली होती आणि खुर्ची तिला मोठी झाली होती.

"बघतेस, मम्मी? आलीच आहेस तर."

पडद्यावर करडी जमीन आणि मधोमध काळा वाटोळा डोळा. तेच ते छिद्र. चित्र एकदम येत नाही. वरून खाली, ओळीनं ओळीनं उमटत येतं, पडदा खाली सोडल्यासारखं. एक फेरी पुरी झाली की परत वरून सुरू.

काठाला खालच्या बाजूला चार ठिपके होते. उजळ, लांबट, ओळीत.

"हे काय गं?"

"धूळ."

विहिरीत उतरलेला माणूस वर यायच्या आधी काठावर आतून बोटं टेकवतो ना, तशी ती धूळ होती. मी मनाला म्हटलं, ओळीत बसणारी धूळ असते. रांगोळीची असते. पडदा वरून परत उतरायला लागला. ओळ, ओळ, ओळ. खालच्या काठापर्यंत आला.

पाच होते. पाचवा जरा बाजूला, आखूड.

"कामिनी, ती वजाबाकी. ती बंद केली तर काय होईल?"

"काही नाही होणार. बेरीज वाढेल. बघ." तिनं काहीतरी दाबलं. बाजूला आलेख होता, त्यातले सुळके एकदम वर आले, कॅल्शियमचा, फॉस्फरसचा, मिठाचा. आणि चित्राची नवी फेरी सुरू झाली. आम्ही दोघी बघत होतो. काळा डोळा उमटला. खालचा काठ उमटला. ठिपके काठावर नव्हते.

ते काठाच्या अलीकडे होते. करड्या जमिनीवर. लांब झालेले, आणि त्यांच्या मागून आणखी काहीतरी रुंद, अंधारातून येऊ लागलेलं. बोटांच्या मानानं मनगट असतं तेवढं रुंद.

कामिनीनं वजाबाकी परत सुरू केली. तिला मी काही सांगितलं नव्हतं. पुढच्या फेरीत ठिपके परत काठावर गेले होते, आणि मी शपथेवर सांगते, माझ्या डोळ्यांसमोर माझ्या पोरीच्या गालाचं हाड थोडं वर आलं.

"धूळ आहे," ती म्हणाली. "मम्मी, तू घरी जा."

दार उघडून भूपेंद्र सर चहाचे कप घेऊन आले. "काकू! या या. तुमच्या लेकीनं कमाल केली. शंभर पॉइंट शून्य शून्य, सलग नववा आठवडा. शून्यावर शून्य!" त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "चकती पुसायला हवी मात्र. डाग दिसतोय."

६

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी धुळ्याला गेले. बेबाअक्का ओट्यावर वाल सोलत होत्या. मी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. मूठ, नाव, छिद्र, सगळं. यंत्राचं त्यांना किती कळलं कोण जाणे. पण हात थांबला नाही, एकेक वाल सोलून थाळीत पडत राहिला.

"मी तवयच म्हनी ऱ्हायनू, काढी ले," त्या म्हणाल्या.

"आता काय करू, अक्का?"

"टाकेल मूठ माघारी येस नही. ज्यानी मूठ शे त्याले नाव देनं पडी. तू नही दिधं. मंग पोरनं नाव त्याना पदरमा गय." बिननावाची मूठ ज्यानं उचलली त्याला नाव हवं होतं, आणि फाइलीला आपलं नाव देऊन कामिनीनं ते त्याच्या पदरात टाकलं होतं. अक्का असं कधी हळू बोलत नाहीत. त्यांनी वालाची थाळी बाजूला ठेवली आणि माझी हनुवटी धरली, मी नवी सून होते तेव्हा धरायच्या तशी. "पोर लहान शे, लता. तू नहीस."

बस जळगावला यायला दोन तास लागतात. दोन तास माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

थेट केंद्रात गेले. कामिनी एकटीच होती. परीक्षेची दुसरी फेरी त्याच आठवड्यात होती.

"फाइलीचं नाव बदल."

"मम्मी, तू पण ना. नाव बदलल्यानं आकडे बदलत नसतात."

"मग बदलायला हरकत काय?"

तिनं फाइल उघडली. मग म्हणाली, "काय टाकू? 'छिद्र' टाकते."

"नको. माणसाचं हवं."

"कुणाचं?"

"माझं टाक."

"का?" तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की तिला कळलं आहे. तिचे डोळे भरले. विज्ञान शिकलेली मुलगी, तिला हे तोंडानं म्हणता येईना आणि मला म्हणू देता येईना. "मम्मी, काही अर्थ नाही याला."

"अर्थ नाही तर मग आईचं एवढं ऐक. मी तुझ्यासाठी सोळा सोमवार केले तेव्हा तू हसायचीस. हसत हसत टाक."

ती हसली नाही. तिनं कळफलकावर हात ठेवला. मी तिच्या मागे उभं राहून मोठ्यानं सांगितलं, एकेक अक्षर, "लता जीवराम चौधरी."

"एवढं मावत नाही," ती रडत म्हणाली.

"मग लता पुरे."

तिनं लिहिलं. पंपाचा घुमणारा आवाज क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला, दळणाऱ्यानं हात बदलावा तसा.

७

त्याला आता वर्ष झालं. कामिनी बरी आहे. तुम्ही पाहताच. गाल भरले, जिना चढते तर शेजारी कळतं. केंद्राला मान्यता मिळाली. बोदवडचं एक स्थळही सांगून आलं आहे. या श्रावणात धुळ्याला गेले तेव्हा अक्कांनी सूप माझ्या हाती दिलं नाही, पण स्वतः एक मूठ टाकताना मोठ्यानं म्हणाल्या, "कामिनी." दिरांनी वर पाहिलं. रोट पुरले.

मी कशी आहे असं किरणताई परवा विचारत होत्या. मी बरी आहे. बांगड्या दोरा बांधून घालते. जिन्यात माझं पाऊल वाजत नाही म्हणून हे दचकतात, तेव्हा मी आता जिना चढताना स्तोत्र म्हणते. दुखत काहीच नाही. पहिला महिना तर फार हलकं वाटतं, उपासाच्या दुसऱ्या दिवशी वाटतं तसं. फक्त दुपारी, घर शांत असलं की, मला पायाखाली जमीन अशी जाणवत नाही. आपण कशाच्या तरी काठावर आतून टेकलेले आहोत आणि वर कुणीतरी बघतं आहे, असं वाटतं. तेव्हा मी नाम घेते. देव आहे. तो इतकं सोसायला देतो म्हणजे पुढचंही त्यानं ठरवलेलं असणार.

कामिनी दर आठवड्याला छिद्राची मोजणी करते आणि मला सांगत नाही. पण यांनी परत रकाने पाडले आहेत. या वेळी कागद फाडला नाही, मला दाखवला. या गतीनं मी चैत्रापर्यंत पुरेन.

मग रकाना रिकामा होईल आणि यंत्र नाव मागेल. वजाबाकी थांबवता येत नाही. थांबवली तर काय वर येतं ते मी पाहिलं आहे, मनगटापर्यंत पाहिलं आहे. आणि माझी पोर मला ठाऊक आहे. ती कुणाला विचारणार नाही. स्वतःचंच नाव टाकेल.

म्हणून, बायांनो, आज तुम्हाला ही पोथी. आपण अकरा जणी आहोत. एकीनं सगळं सोसायचं तर ती सरते. पण दोन-दोन महिने वाटून घेतले तर कुणालाच काही होणार नाही. दोन महिन्यांत अंगठी तेवढी सैल होते, आणि नंतर भाकरी-वरणानं भरून येतं, हे मी कामिनीचं पाहिलं आहे. आपण एकमेकींच्या लेकरांसाठी केवढी व्रतं केली. लताबाईंच्या कामिनीसाठी हे एक करा. उद्या तुमच्या लेकीवर अशी वेळ आली तर बाकीच्या आहेतच.

किरणताई, यामागचा कोरा कागद आता फिरवा. वर माझं नाव लिहिलं आहे, खाली दहा ओळी आखल्या आहेत. जिला जमेल तिनं हळदीकुंकू घ्यावं, मोठ्यानं नाव उच्चारावं आणि लिहावं. जिला नाही जमणार तिच्यावर माझा राग नाही, तिच्या ओळीत शेजारणीनं आपलं नाव दुसऱ्यांदा लिहावं. एवढीच विनंती, की मधली एकही ओळ रिकामी सोडू नका.